डेटा डिपेंडन्सीचे प्रकार पाठ आहेत, पण टेबल समोर आलं की ओळखता येत नाहीत, काय करू?

प्रश्न असा आलाय की फंक्शनल, पार्शियल, ट्रान्झिटिव्ह, मल्टीव्हॅल्यूड, जॉईन ह्या सगळ्यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण खरं टेबल समोर ठेवलं की यातली कुठली कुठे आहे ते कळत नाही, आणि दुसरं म्हणजे डेटा बघून डिपेंडन्सी शोधता येते का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण पहिल्याचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. नाही येत. डेटा बघून फक्त एवढंच सांगता येतं की अमुक डिपेंडन्सी *नाहीये*. आहे की नाही हे नियम माहीत असलेला माणूस सांगतो, टेबल नाही.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो, मार खाऊन शिकलो. एका रिपोर्टिंगच्या कामात फ्लाइट्सचा डेटा होता. तीन महिन्यांच्या डेटावर क्वेरी मारली, प्रत्येक फ्लाइट नंबरला एकच 'कुठून' आणि एकच 'कुठे', एकही अपवाद नाही. मी खूश, म्हटलं फ्लाइट_नंबर → कुठून, कुठे (म्हणजे नंबर कळला की दोन्ही ठरतात) ही सरळ डिपेंडन्सी आहे, दोन्ही कॉलम उचलून फ्लाइटच्या टेबलात टाकले. मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. विमान कंपन्यांची टाइमटेबलं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी समर शेड्यूल आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विंटर. एक नंबर दुसऱ्याच रूटला दिला गेला, आमच्याकडे त्या फ्लाइटची एक रो अपडेट झाली, आणि मागच्या तीन महिन्यांचे सगळे रिपोर्ट सांगायला लागले की ती विमानं तेव्हाही नव्या रूटवरच उडत होती! वर एकाच नंबरची फ्लाइट मध्ये एका विमानतळावर थांबून पुढे जाऊ शकते, म्हणजे एका नंबरला दोन टप्पे, हे तर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. (आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.) डेटा खोटा नव्हता, तो फक्त तीन महिन्यांचा होता.

तेच उदाहरण पुढे ओढतो. समजा एकच लांबलचक टेबल आहे:

सीट_बुकिंग (फ्लाइट_नंबर, तारीख, सीट, प्रवासी_आयडी, प्रवासी_नाव, विमान_रजिस्ट्रेशन, मॉडेल, उत्पादक)

फंक्शनल डिपेंडन्सी म्हणजे काय, तर दोन रोंमध्ये डावीकडचं सारखं असेल तर उजवीकडचंही सारखंच असलं पाहिजे. बस. 'फंक्शन' शब्दामुळे लोकांना वाटतं काहीतरी कॅल्क्युलेट होतंय, तसं काही नाही. विमानाच्या रजिस्ट्रेशनवरून मॉडेल 'काढता' येत नाही, पण एका वेळी एका रजिस्ट्रेशनला दोन मॉडेल असू शकत नाहीत, म्हणून रजिस्ट्रेशन → मॉडेल. उलटं मात्र नाही, एका मॉडेलची शेकडो विमानं असतात.

आता नियम लिहून काढू. फ्लाइट_नंबर, तारीख, सीट → प्रवासी_आयडी, कारण एका सीटवर एकच माणूस (सोयीसाठी धरू की फ्लाइट एकाच टप्प्याची आहे). प्रवासी_आयडी → प्रवासी_नाव. फ्लाइट_नंबर, तारीख → विमान_रजिस्ट्रेशन. विमान_रजिस्ट्रेशन → मॉडेल. मॉडेल → उत्पादक, ए३२० म्हटलं की एअरबस आलंच.

यातल्या प्रत्येकाला 'खरंच का?' विचारायचं. मॉडेल → एकूण_सीट असं लिहायचा मोह होतो ना, ते चूक. एकाच मॉडेलची दोन विमानं वेगवेगळ्या लेआउटची असतात, एकात पुढे बिझनेस क्लास आणि दुसऱ्यात सगळी इकॉनॉमी, म्हणजे सीटची संख्या रजिस्ट्रेशनवर ठरते, मॉडेलवर नाही. तसंच फ्लाइट_नंबर, तारीख, प्रवासी_आयडी → सीट हे बरोबर वाटतं, एक माणूस एक सीट. पण सेलोसारखं मोठं वाद्य घेऊन जाणारे लोक वाद्यासाठी शेजारची सीट विकत घेतात, ती कुणाच्या नावावर टाकणार? तुमची सिस्टिम त्याच प्रवाशाच्या आयडीवर टाकत असेल तर ही डिपेंडन्सी गेली, आणि तिच्याबरोबर एक कॅन्डिडेट कीसुद्धा (म्हणजे सगळे कॉलम ठरवणारा, एकही कॉलम जास्तीचा नसलेला गट) गेली. आणि प्रवासी_नाव? प्रवाशाचं *आजचं* नाव हवं असेल तर ते आयडीवर ठरतं, पण *तिकिटावर छापलेलं* नाव हवं असेल तर ते बुकिंगवर ठरतं, उद्या त्याने नाव बदललं म्हणून जुनं तिकीट बदलत नाही. एकाच कॉलमचं नाव, अर्थ दोन, डिपेंडन्सी दोन. रेटचंही तेच, आजचा रेट वेगळी गोष्ट आणि बुक केला त्या वेळचा वेगळी. बरेच जण दुसऱ्यालाही रिडंडन्सी (तीच माहिती पुन्हा लिहिणं) समजून काढून टाकतात आणि मग जुनी बिलं आपोआप बदलायला लागतात.

नियम पक्के झाले की मग 'की' शोधायची. त्यासाठी क्लोजर काढा, म्हणजे हातातल्या कॉलमांवरून आणखी कुठले कॉलम मिळतात ते बघा, बोटावर होतं. फ्लाइट_नंबर आणि तारीख हातात घ्या, त्यावरून रजिस्ट्रेशन मिळालं, रजिस्ट्रेशनवरून मॉडेल, मॉडेलवरून उत्पादक, आणि इथे गाडी थांबली. सीट नाही, प्रवासी नाही, म्हणजे ही की नाही. सीट टाका, प्रवासी_आयडी मिळाला, त्यावरून नाव मिळालं, सगळे कॉलम आले, आणि तिघांतला एकही काढला तर पुरत नाही. कॅन्डिडेट की ठरली. या खटाटोपामागे विल्यम आर्मस्ट्राँगचे १९७४चे नियम आहेत: उपसंच आपोआप ठरतो, दोन्ही बाजूंना तेच कॉलम जोडले तरी चालतं, आणि अ → ब, ब → क असेल तर अ → क. या तिघांतून जेवढ्या फंक्शनल डिपेंडन्सी खरोखर निघतात तेवढ्या सगळ्या निघतात आणि चुकीची एकही निघत नाही, म्हणून बिनधास्त वापरा.

आता तुमच्या मूळ अडचणीवर येतो. पार्शियल आणि ट्रान्झिटिव्ह हे डिपेंडन्सीचे वेगळे 'प्रकार' नाहीतच. दोन्ही साध्या फंक्शनल डिपेंडन्सीच आहेत, फरक एवढाच की डावी बाजू कीच्या तुलनेत कुठे उभी आहे. डावी बाजू कीचा तुकडा असेल आणि उजवीकडे की बाहेरचा कॉलम असेल तर पार्शियल: फ्लाइट_नंबर, तारीख → रजिस्ट्रेशन, इथे सीटचा काही संबंधच नाही. डावी बाजू कीच्या बाहेरची असेल आणि उजवीकडेही की बाहेरचाच कॉलम असेल तर ट्रान्झिटिव्ह: प्रवासी_आयडी → प्रवासी_नाव, किंवा रजिस्ट्रेशन → मॉडेल → उत्पादक अशी साखळी. म्हणून की ठरवल्याशिवाय 'ही पार्शियल आहे का' हा प्रश्नच विचारता येत नाही, आणि बहुतेक जण की न काढता तोच प्रश्न विचारत बसतात. डावी बाजू अख्खी की असेल तर काही आजार नाही. उजवी बाजू डावीतच असेल, म्हणजे फ्लाइट_नंबर, तारीख → तारीख, तर ती ट्रिव्हियल, सोडून द्या.

आजार म्हणजे काय ते बघा. उड्डाणाच्या दिवशी विमान बदललं, तांत्रिक कारणाने रोज कुठे ना कुठे बदलतं. त्या फ्लाइटच्या १८० सीट बुक असतील तर १८० रोंमध्ये रजिस्ट्रेशन बदलायचं, आणि मॉडेलही. मधेच काही फेल झालं तर अर्धे प्रवासी एका विमानात, अर्धे दुसऱ्यात. नवीन विमान घेतलं पण बुकिंग नाही, तर त्याची नोंद ठेवायला जागा नाही. एखाद्या विमानाचं एकमेव बुकिंग कॅन्सल करून रो उडवली तर ते विमान कुठल्या मॉडेलचं होतं हेही गेलं. एडगर कॉड आयबीएमच्या सॅन होजे लॅबमध्ये होता, १९७०मध्ये त्याने रिलेशनल मॉडेल मांडलं आणि पुढच्याच वर्षी सेकंड (पार्शियल नको) आणि थर्ड (ट्रान्झिटिव्हही नको) नॉर्मल फॉर्म आणले, ते यासाठीच.

इथे एक गोष्ट जी कॉलेजात कुणी सांगत नाही. एसक्यूएलमध्ये फंक्शनल डिपेंडन्सी लिहायला कन्स्ट्रेंटच नाहीये! प्रायमरी की आणि युनिक आहेत, म्हणजे डेटाबेस फक्त 'की → बाकी सगळं' एवढंच राखू शकतो. रजिस्ट्रेशन → मॉडेल ही मोठ्या टेबलात तशीच पडली असेल तर तिची राखण कोण करणार, तुमचा ॲप्लिकेशन कोड, म्हणजे कुणीच नाही. तीच काढून विमान (रजिस्ट्रेशन, मॉडेल) असं टेबल केलं आणि रजिस्ट्रेशनला प्रायमरी की केलं की तोच नियम डेटाबेस फुकटात सांभाळतो. माझ्या मते नॉर्मलायझेशन म्हणजे एवढंच, जी डावी बाजू 'की' नाही तिला तिचं स्वतःचं टेबल देऊन 'की' बनवणं. डिस्कची जागा वाचते वगैरे ठीक आहे, पण ते दुय्यम.

आणि एक पळवाट जी रोज दिसते. प्रत्येक टेबलाला ऑटो इन्क्रिमेंट आयडी लावला, आता की एकाच कॉलमची, मग पार्शियल डिपेंडन्सी शक्यच नाही, झालं सेकंड नॉर्मल फॉर्म! नाही झालं हो. फ्लाइट, तारीख, सीट ही कॅन्डिडेट की अजून तिथेच आहे, तिच्यावर युनिक लावलं असो वा नसो, आणि नॉर्मल फॉर्मची व्याख्या सगळ्या कॅन्डिडेट कींना लागू होते. आयडी लावल्याने रजिस्ट्रेशन १८० वेळा लिहिलं जायचं थांबलं का? मग आजार तोच, फक्त रिपोर्टवरचं नाव खोडलं.

बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म, १९७४चा. इथली अट कडक: ट्रिव्हियल नसलेल्या प्रत्येक डिपेंडन्सीची डावी बाजू सुपर की (म्हणजे अख्खी की, सोबत जास्तीचे कॉलम असले तरी चालतील) असलीच पाहिजे, उजवीकडे काय आहे याला सवलत नाही. उदाहरण देतो. देखभाल (रजिस्ट्रेशन, कामाचा_प्रकार, इंजिनिअर). नियम असे की एका विमानाच्या एका प्रकारच्या कामाला एकच जबाबदार इंजिनिअर, आणि प्रत्येक इंजिनिअर एकाच प्रकारचं काम करतो, कुणी इंजिनचं तर कुणी इलेक्ट्रिकल. म्हणजे रजिस्ट्रेशन, कामाचा_प्रकार → इंजिनिअर आणि इंजिनिअर → कामाचा_प्रकार. दोन कॅन्डिडेट की निघतात, एक रजिस्ट्रेशन + कामाचा_प्रकार, दुसरी रजिस्ट्रेशन + इंजिनिअर. तिन्ही कॉलम कुठल्या ना कुठल्या कीत आहेत म्हणून थर्ड नॉर्मल फॉर्म पास, पण 'इंजिनिअर' एकटा की नाही, म्हणून बॉइस-कॉड नापास. आणि खरोखरच, अमुक इंजिनिअर इलेक्ट्रिकलचा आहे हे त्याच्या प्रत्येक विमानाच्या रोमध्ये पुन्हा पुन्हा लिहिलेलं आहे.

तोडून (इंजिनिअर, कामाचा_प्रकार) आणि (रजिस्ट्रेशन, इंजिनिअर) केलं तर डेटा हरवत नाही, जॉईन केलं की तेच टेबल परत मिळतं, पण पहिला नियम आता कुठल्याच एका टेबलात तपासता येत नाही. त्याच विमानाला दोन इलेक्ट्रिकलवाले लावले तरी डेटाबेस गप्प. म्हणून मी काय करतो, दुसऱ्या टेबलात कामाचा_प्रकार राहू देतो, (रजिस्ट्रेशन, कामाचा_प्रकार) वर युनिक लावतो, आणि (इंजिनिअर, कामाचा_प्रकार) ह्या जोडीची फॉरेन की (म्हणजे ही जोडी तिकडे असलीच पाहिजे ही अट) पहिल्या टेबलाकडे देतो, तिथे त्या जोडीवर वेगळं युनिक लावावं लागतं. रिडंडन्सी आहे पण ती चुकू शकत नाही, डेटाबेस चुकू देत नाही. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत.

मल्टीव्हॅल्यूड ही मात्र खरोखर वेगळी जात आहे. रोनाल्ड फॅगिनने १९७७मध्ये मांडली, फोर्थ नॉर्मल फॉर्मसकट. केबिन क्रूचं टेबल घ्या: (क्रू_आयडी, भाषा, मॉडेल). १०७ नंबरच्या क्रूला मराठी आणि फ्रेंच येतं, आणि ए३२० व बी७३७ वर काम करायची परवानगी आहे. दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही. मग रो अशा होतात:

१०७, मराठी, ए३२०
१०७, मराठी, बी७३७
१०७, फ्रेंच, ए३२०
१०७, फ्रेंच, बी७३७

यात एकही उपयोगाची फंक्शनल डिपेंडन्सी नाही, की म्हणजे तिन्ही कॉलम, बॉइस-कॉडसुद्धा पास, आणि तरी टेबल आजारी. तिसरी भाषा शिकली की दोन रो वाढवायच्या, एक विसरलात तर टेबल सांगायला लागतं की ही भाषा फक्त ए३२० मध्येच येते. ओळखायची युक्ती: एकाच क्रूच्या दोन रो घ्या, त्यांच्या भाषांची अदलाबदल करा. मिळालेल्या रोही टेबलात *असल्याच पाहिजेत* असं नियम सांगत असेल तर क्रू_आयडी →→ भाषा, आणि आपोआप क्रू_आयडी →→ मॉडेलसुद्धा, ह्या नेहमी जोडीनेच येतात. दोन टेबलं करा, विषय संपला.

पण घाई नको. तेच तीन कॉलम असतील आणि अर्थ असा असेल की 'हा ट्रेनर ह्या मॉडेलचं ट्रेनिंग ह्या भाषेत देतो', तर ए३२० चं मराठीत देतो पण बी७३७ चं फक्त फ्रेंचमध्ये, असं असू शकतं. अदलाबदल केली तर खोटी माहिती तयार होते. इथे मल्टीव्हॅल्यूड नाही, तोडलंत तर चुकलात. कॉलम तेच, वाक्य वेगळं. म्हणून मी टेबल बघताना आधी विचारतो की एक रो म्हणजे नक्की कुठलं वाक्य? ते वाक्य एका दमात सांगता आलं नाही आणि मधे 'आणि तसंच' यायला लागलं की समजायचं दोन गोष्टी एकत्र कोंबल्यात.

जॉईन डिपेंडन्सी म्हणजे याचाच पुढचा मजला. टेबल दोनात तोडलं तर जॉईनवर नसलेल्या रो उगवतात, पण तीन किंवा जास्त तुकड्यांत तोडून जोडलं तर बरोबर मूळ टेबल येतं. (पुरवठादार, विमानतळ, सेवा) मध्ये असा नियम असेल की पुरवठादार त्या विमानतळावर आहे, ती सेवा तो देतो, आणि त्या विमानतळाला ती सेवा लागते, ह्या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्या की तो तिथे ती सेवा देतोच देतो, तर तीन जोड्यांची तीन टेबलं करता येतात. हा 'देतोच देतो' महत्त्वाचा, असा कडक नियम प्रत्यक्षात क्वचित असतो. फिफ्थ नॉर्मल फॉर्म, १९७९, पुन्हा फॅगिनच. परीक्षेपुरतं ठेवा. उलट दिशेची चूक मात्र जास्त होते, म्हणजे तिघांचं खरं नातं लोक तीन जोड्यांत तोडतात आणि मग जॉईनमध्ये भुताच्या रो येतात.

इन्क्लुजन डिपेंडन्सी तुमच्या यादीत नाहीच, आणि रोज सगळ्यात जास्त वापरली जाते तीच. बुकिंगमधला प्रत्येक प्रवासी_आयडी प्रवासी टेबलात असलाच पाहिजे, म्हणजे फॉरेन की. फरक असा की थिअरीत उजवीकडचा कॉलम की असायची गरज नाही, एसक्यूएलच्या फॉरेन कीला मात्र तिकडे प्रायमरी किंवा युनिक लागतं. म्हणून 'बुकिंगमधली तारीख शेड्यूलमध्ये कुठेतरी असली पाहिजे' असले नियम ट्रिगर लिहून सांभाळावे लागतात. गंमत म्हणजे फक्त फंक्शनल डिपेंडन्सी असतील तर एकातून दुसरी निघते का हे झटकन तपासता येतं, पण फंक्शनल आणि इन्क्लुजन एकत्र आल्या की तोच प्रश्न कुठल्याही अल्गोरिदमने सगळ्या केसेससाठी सोडवता येत नाही, हे १९८०च्या दशकातच सिद्ध झालंय.

आता डेटावर क्वेरी मारायचीच असेल तर मारा, वारसा हक्काने आलेल्या टेबलांचे नियम सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, तेव्हा पर्याय नसतो. डाव्या बाजूने ग्रुप बाय, उजवीकडचा काउंट डिस्टिंक्ट, आणि हॅविंगमध्ये एकापेक्षा जास्त. रो आल्या तर डिपेंडन्सी नाही, किंवा डेटा घाण आहे, आधी दुसरं तपासा, शेवटी स्पेस असलेलं 'ए३२० ' हे काही डेटाबेसमध्ये वेगळं मॉडेल मोजलं जातं. आणि रो नाही आल्या तरी हुरळून जाऊ नका, काउंट डिस्टिंक्ट नल मोजतच नाही, अर्ध्या रोंमध्ये मॉडेल भरलेलं आणि अर्ध्यांत रिकामं असेल तरी क्वेरी सगळं आलबेल दाखवते. नलची वेगळी मोजणी घ्या. आणि डावीकडच्या व्हॅल्यूज पुन्हा पुन्हा येतायत ना तेही बघा, प्रत्येक व्हॅल्यू एकदाच आली असेल तर तिच्यावरून काहीही 'ठरतं' असं दिसेल.

शेवटचं, 'हे सगळं कामात लागतं का' असंही विचारलंय. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ९.१ पासून प्रायमरी कीवर ग्रुप बाय केलं तर त्याच टेबलाचे बाकीचे कॉलम ग्रुप बायमध्ये लिहावे लागत नाहीत, कारण ते कीवर ठरतात हे त्याला कळतं. मायएसक्यूएलने ५.७ मध्ये ग्रुप बायचा कडक नियम डीफॉल्ट केला तेव्हा कितीतरी जुन्या क्वेरी मोडल्या, तो एररसुद्धा 'फंक्शनली डिपेंडंट नाही' असंच सांगतो, लोक न वाचता तो मोडच बंद करतात. आणि पोस्टग्रेचा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग), मॉडेल = ए३२० आणि उत्पादक = एअरबस अशा दोन अटी दिल्या की दोघांना स्वतंत्र समजून शक्यतांचा गुणाकार करतो. समजा निम्मी विमानं एअरबसची आणि पाचातलं एक ए३२०, तर त्याला वाटतं दहातली एक रो येईल, येतात पाचातली एक. इथे दुप्पटच चूक आहे, चारपाच अटी आणि दोन जॉईन लागले की प्लॅन पार भरकटतो. त्यासाठी पोस्टग्रे १० पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स आहे, त्यात डिपेंडन्सीज हा प्रकार द्या, दोन कॉलम द्या, ॲनालाइझ चालवा, आणि एक्स्प्लेनमध्ये रोंचा अंदाज आधी किती होता नि आता किती झाला ते स्वतः बघा.